परदेशी धनिकाघरची चाकरी



आज ज्या विषयावर बोलावयाचे आहे तो पहिल्याने ऐकणाऱ्यास थोडा लांबचा वाटेल. परदेशात स्थायिक झालेल्या, अथवा वर्षातील बराच काळ परदेशात घालविणाऱ्या, एखाद्या अतिश्रीमंत कुटुंबाच्या घरी खाजगी साहाय्यक म्हणून राहणे, हा तो विषय होय. दुबई, दोहा, लंडन, जिनीव्हा ही शहरे परभणीपासून दूर खरी; पण आपल्या जिल्ह्यातील शिकलेल्या मुलामुलींनी त्या वाटेने जाण्याचा विचार करावा, यात आता नवल राहिलेले नाही. इंग्रजी लिहिता-बोलता येते, संगणक हाताळता येतो, स्वभाव मनमिळाऊ आहे, अशा तरुणास असे बोलावणे आले म्हणजे घरात आनंद होतो. पगाराचा आकडा विचारला जातो, राहण्याजेवण्याची सोय विचारली जाते, आणि बहुधा तेथेच चौकशी संपते. ती तेथे संपू नये, एवढ्याचसाठी आजचे हे भाषण आहे.

परक्या घरी राबण्यात कमीपणा आहे, असे मला सुचवावयाचे नाही. निदान परभणीकराने तरी तसे म्हणू नये. गोदाकाठचे गंगाखेड हे आपल्या जिल्ह्यातील गाव जनाबाईचे. लहानपणीच ती पंढरपुरास दामाशेटींच्या घरी आली, आणि त्या घरची दासी म्हणून तिने जन्म घालविला, अशी परंपरा आहे. ती स्वतःला नामदेवाची दासी म्हणवून घेते, आणि तेही अभिमानाने. दळण-कांडण त्या घरचे होते. पण दळताना सुचलेले अभंग तिचे स्वतःचे होते. तिने दळलेले पीठ त्याच दिवशी संपले असेल. अभंग मात्र सहा शतके उलटून गेली तरी महाराष्ट्राच्या मुखात आहेत. चाकरी आणि आपलेपण ही दोन्ही एका माणसाच्या ठायी नांदू शकतात, याचा हा आपल्या घरचाच दाखला. पण ती आपोआप नांदत नाहीत; त्यासाठी काही गोष्टी जपाव्या लागतात. त्या कोणत्या, हेच आज पाहावयाचे आहे.

प्रथम या कामाचे स्वरूप ध्यानात घेऊ. कचेरीतील कारकुनाचे काम घड्याळाबरोबर सुरू होते आणि घड्याळाबरोबर थांबते. खाजगी साहाय्यकाचे तसे नसते. यजमानांचा पत्रव्यवहार, भेटीगाठींच्या वेळा, विमानाची तिकिटे, मुलांच्या शाळा, वृद्ध मातोश्रींची औषधे, आचारी, माळी व मोटारचालक यांचे पगार, पाहुण्यांची उतरण्याची व्यवस्था, फार काय पाळलेल्या कुत्र्याला दुसऱ्या देशात न्यावयाचे तर त्याचे दाखले, ही सारी त्याच्याच शिरावर असतात. यजमान एका देशात निजलेले असतात त्या वेळी त्यांचा व्यापार दुसऱ्या देशात जागा असतो. म्हणून साहाय्यकाचा टेलिफोन मध्यरात्रीही वाजतो. उन्हाळा एका गावी, हिवाळा दुसऱ्या गावी, असा कुटुंबाचा मुक्काम हलला की त्याचेही बिऱ्हाड हलते. त्याला घरातील सर्व गुपिते कळतात आणि त्यांपैकी एकही बाहेर बोलता येत नाही.

या कामात एक मोठी गोडी आहे, हेही कबूल केले पाहिजे. मोठी माणसे जवळून पाहावयास मिळतात, देशोदेशीच्या रीतिभाती कळतात, आणि यजमान प्रसन्न असले म्हणजे 'तू आमच्या घरातलाच आहेस' असे शब्द कानी पडतात. हे शब्द पुष्कळदा मनापासून उच्चारलेले असतात. परंतु त्यांचा अर्थ नीट पाहावा. घरातल्या माणसाने रजा मागू नये, जादा कामाचा मोबदला मागू नये, कराराचा कागद पुढे करू नये, एवढे त्या शब्दांतून निघते; घरातल्या माणसाचा वारसा मात्र त्यांतून निघत नाही. जिव्हाळ्याने हक्काची जागा घेतली, की तो जिव्हाळा असेपर्यंत सर्व ठीक चालते. तो आटला म्हणजे काय होते, हे इतिहासच सांगेल.

परदेशी धनिकाघरच्या चाकरीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे मुनशी अब्दुल करीम यांचे. आग्र्याच्या तुरुंगात कारकुनी करणारा हा चोवीस वर्षांचा तरुण १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, इंग्लंडास गेला. प्रथम त्याचे काम जेवणाच्या वेळी मेजाशी उभे राहण्याचे होते. आपण कारकून आहो, वाढपी नव्हे, ही गोष्ट त्याने राणीच्या कानी घातली. आणि पुढल्याच वर्षी त्याला मुनशीपद मिळाले. तो राणीला हिंदुस्थानी भाषा शिकवू लागला. वृद्धापकाळी राणीने ती भाषा एवढ्या आवडीने गिरविली की तिच्या अभ्यासाच्या तेरा वह्या झाल्या. मुनशीला राहावयास घरे मिळाली, आग्र्याजवळ जमीन मिळाली, पदव्या मिळाल्या.

हे सर्व मिळाले, पण राजवाड्यातील इतर मंडळींची मने मात्र त्याला मिळाली नाहीत. १८९७ साली राणीच्या फ्रान्समधील मुक्कामात मुनशी बरोबर येणार असेल तर आम्ही राजीनामे देऊ, येथपर्यंत त्या मंडळींची मजल गेली. राणीने मुनशीची बाजू सोडली नाही. परंतु २२ जानेवारी १९०१ रोजी राणी निवर्तली, आणि थोड्याच दिवसांत नव्या राजाच्या हुकुमाने मुनशीच्या घरातील राणीची पत्रे गोळा करून जाळण्यात आली. मुनशीची रवानगी हिंदुस्थानास झाली. १९०९ साली आग्र्यास त्याचा अंत झाला. चौदा वर्षांच्या सेवेचा कागदोपत्री पुरावा एका शेकोटीत गेला. कारण उघड आहे: त्याचे स्थान एका व्यक्तीच्या कृपेवर उभे होते, आणि कृपेला व्यक्तीइतकेच आयुष्य असते.

कृपेची दुसरीही एक मर्यादा आहे. ती यजमानांच्या दिवाणखान्यापुरती असते. दरवाजाबाहेर तिचा अंमल चालेलच असे नाही. आपल्याकडील दाखला डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१३ साली शिष्यवृत्ती देऊन त्यांना अमेरिकेस पाठविले, आणि १९१७ साली परत आल्यावर त्यांना लष्करी चिटणीस नेमले. ही नेमणूक केवळ घरगुती चाकरीची नव्हती, हे खरे. पण मुद्दा तोच आहे. महाराजांच्या मनात त्यांच्याविषयी आदर होता. कचेरीतील शिपाई मात्र कागद दुरून फेकीत, आणि गावात राहावयास जागा मिळेना. पारशांच्या धर्मशाळेतून त्यांना अपमानित होऊन बाहेर पडावे लागले, आणि त्याच वर्षी त्यांनी बडोदे सोडले. धनी भला आहे एवढ्यावर जो विसंबतो, त्याने ही गोष्ट आठवावी. परदेशी घरातही यजमानांशी संबंध दिवसातून तासभर येतो. उरलेला दिवस आचारी, व्यवस्थापक, पहारेकरी आणि नातलग यांच्याबरोबर काढावयाचा असतो.

ज्यांना कोणतेही पद नव्हते, अशांची कथा आणखी निराळी. गोऱ्या साहेबांची कुटुंबे हिंदुस्थानातून विलायतेस निघाली म्हणजे आगबोटीवर मुले सांभाळण्यासाठी बरोबर आया नेत. बंदराला बोट लागली, मुले घरी पोचली, की आयेचे काम संपे. काही कुटुंबे परतीच्या तिकिटाची व्यवस्था करीत. काही तेथल्या तेथे निरोप देऊन मोकळी होत. परक्या थंड मुलखात, भाषेवाचून व पैशावाचून उभ्या राहिलेल्या अशा बायकांसाठी लंडनमध्ये आयांचे एक निवासगृह चालत असे. १९०० साली ते शहराच्या पूर्व भागातील हॅकनी येथे, किंग एडवर्ड्स रोडवर आले. हिंदुस्थानाकडे निघालेले एखादे कुटुंब गाठून त्याच्याबरोबर त्यांना परत पाठवावयाचे, हे या गृहाचे मुख्य काम. त्या इमारतीवर २०२२ साली स्मारकाची निळी पाटी बसविण्यात आली. या बायकांनी वाढविलेली मुले मोठी होऊन नावारूपास आली असतील; पण त्यांतील बहुतेक आयांची नावेसुद्धा आज कोणास ठाऊक नाहीत. आगबोटीच्या प्रवासी यादीत पुष्कळदा त्यांची नोंद 'अमक्या बाईसाहेबांची आया' एवढीच होई.

आता याच्या उलट चित्र पाहू. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई हे नाव महाराष्ट्रात सुशिक्षितास अपरिचित नाही. परंतु ते आयुष्याची सुमारे छत्तीस वर्षे एका श्रीमंत कुटुंबाचे खाजगी नोकर होते, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील गोविल गावचा हा मुलगा १८८९ साली सयाजीराव महाराजांचा वाचक म्हणून बडोद्यास रुजू झाला. महाराजांना ग्रंथ वाचून दाखवावयाचे, त्यांच्या आज्ञेने भाषांतरे करावयाची, पुढे राजपुत्रांना शिकवावयाचे, आणि महाराज प्रवासास निघाले की बरोबर निघावयाचे, असे त्यांचे काम होते. महाराज प्रकृतीच्या कारणाने व अवलोकनासाठी वारंवार युरोपात जात. त्या स्वाऱ्यांत सरदेसायांनीही एकाहून अधिक वेळा युरोप पाहिला. परदेशी हॉटेलांतून, आगगाड्यांतून, राजकुटुंबाच्या मर्जीप्रमाणे दिवस घालविणे हे त्यांच्या नोकरीचे अंगच होते.

ही नोकरी सोपी नव्हती. सयाजीराव थोर पुरुष होते, आणि थोर पुरुषाच्या निकट राहणे नेहमीच सुखाचे असते असे नाही. अरविंद घोष यांनाही महाराजांनी १९०३ साली काश्मीरच्या प्रवासात चिटणीस म्हणून बरोबर नेले होते. दोघेही असामान्य, तरी त्या प्रवासात इतके खटके उडाले की तो प्रयोग पुन्हा झाला नाही. अरविंदांनी त्या कामातून अंग काढून घेतले व ते शिक्षणाच्या कामात राहिले. आपला स्वभाव या कामास जुळणारा नाही हे वेळीच ओळखणे, यातही शहाणपण असते.

सरदेसाई टिकले, आणि नुसते टिकले नाहीत. महाराजांनी सांगितले म्हणून त्यांनी मॅकियाव्हेलीचा व सीलीचा ग्रंथ मराठीत आणला. हे धन्याचे काम झाले. परंतु राजपुत्रांना इतिहास शिकविण्यासाठी जी टिपणे त्यांनी काढली, ती धडा संपल्यावर त्यांनी फेकून दिली नाहीत. ती वाढविली, ताडून पाहिली, पुन्हा लिहिली. त्यांतून १८९८ साली मुसलमानी रियासत निघाली, १९०२ पासून मराठी रियासतीचे भाग निघू लागले. दिवसाचे तास धन्याच्या मालकीचे होते. त्यांतून उरलेली पहाट व रात्र त्यांनी आपल्या मालकीची ठेवली. १९२५ साली ते बडोद्याच्या सेवेतून निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्याजवळ केवळ पूर्वीच्या वैभवाच्या आठवणी नव्हत्या. हातात स्वतःचे काम होते. कामशेत येथे राहून त्यांनी ते पुढे चालविले. पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड त्यांच्या संपादनाखाली निघाले. आणि १९४६ ते १९४८ या काळात, वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, मराठ्यांचा नवा इतिहास त्यांनी इंग्रजीत तीन खंडांत प्रसिद्ध केला. महाराजांच्या सहवासावरही त्यांनी पुस्तक लिहिले. १९५९ साली ते वारले. त्यांना आज कोणी राजाचा वाचक म्हणून ओळखत नाही.

मुनशी आणि रियासतकार, दोघेही बुद्धिमान, दोघेही धन्याच्या विश्वासातले. एकाची सारी पुंजी धन्याच्या कृपेत गुंतली होती. दुसऱ्याने आपल्या पुंजीचा एक भाग वेगळा काढून ठेवला होता. माझ्या मते या दोन आयुष्यांतील फरकाचे हेच मुख्य कारण आहे.

तथापि सर्वांनाच रियासत लिहिता येणार नाही, आणि ज्याला दोन महिन्यांनी घरी पैसे पाठवावयाचे आहेत त्याला निव्वळ थोरांची चरित्रे सांगून भागणार नाही. म्हणून आता कागदाकडे वळू.

पहिला कागद पारपत्राचा. यजमानांकडील मंडळी 'सुरक्षित राहील' म्हणून ते मागून घेतात आणि तिजोरीत ठेवतात. आपल्या १९६७ च्या पारपत्र कायद्याप्रमाणे पारपत्र ही भारत सरकारची मालमत्ता आहे. ते धन्याचे नव्हे, आणि गहाण टाकावयाची वस्तूही नव्हे. ते मागणाऱ्यास हे नम्रपणे सांगता येते. निदान त्याची प्रत व त्याचा क्रमांक परभणीस घरी ठेवलेला असावा.

दुसरा कागद कराराचा. येथे एक चमत्कारिक गोष्ट सांगितली पाहिजे. परदेशी नोकरीस जाणाऱ्यांच्या रक्षणासाठी आपल्याकडे १९८३ चा कायदा झाला. त्याच्या व्यवस्थेत दहावी उत्तीर्ण न झालेल्यांना आखाती देशांसारख्या ठराविक देशांत जाण्यापूर्वी प्रवासी संरक्षकाची परवानगी घ्यावी लागते, आणि त्या निमित्ताने त्यांचा करार पाहिला जातो. शिकलेल्यांना ही परवानगी लागत नाही. ते आपले हित आपण पाहतील असे धरले आहे. म्हणजे पदवीधर साहाय्यकाचा करार सरकारी नजरेखालून जात नाही. तो त्याने स्वतःच वाचावयाचा. आणि आपला पदवीधर तर 'मोठी माणसे आहेत, कागद काय मागावयाचा' अशा संकोचाने न वाचताच सही करतो! निरक्षर मजुराला जे संरक्षण मिळते ते साक्षराने भिडेपायी घालवावे, यासारखी दुसरी शोचनीय गोष्ट नाही.

करारात पाहावयाचे ते थोडेच असते. पगार कोणत्या देशात, कोणत्या चलनात, कोणाच्या खात्यात पडणार? कामाचे तास किती, आठवड्याची सुटी कोणती? वैद्यकीय खर्च कोणाचा? नोकरी सुटली तर परतीचे तिकीट कोणी द्यावयाचे, आणि परवाना धन्याच्या नावाशी बांधलेला असेल तर नोकरी सुटल्यावर त्या देशात किती दिवस राहता येईल? आयांच्या निवासगृहाची गोष्ट मी उगाच सांगितली नाही. परतीच्या तिकिटाचा प्रश्न शंभर वर्षांनीही तोच आहे. आखाती देशांनी अलीकडे घरकामगारांसाठी कायदे केले आहेत. कुवेतच्या २०१५ च्या कायद्याने दिवसाचे काम बारा तासांहून अधिक नसावे असे ठरविले. कतारच्या २०१७ च्या कायद्याने ती मर्यादा दहा तासांची घातली. दोन्हीकडे आठवड्याची सुटी आहे. जागतिक मजूर संघटनेने २०११ साली घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय ठराव संमत केला. परंतु बंद दाराआड कायदा पोचावयाचा तर आतल्या माणसाला तो ठाऊक असावा लागतो.

आणि धन्याची जात-भाषा आपलीच असली म्हणजे कागदाची गरज नाही, असेही कोणी समजू नये. जून २०२४ मध्ये जिनीव्हा येथील फौजदारी न्यायालयाने भारतीय वंशाच्या एका धनाढ्य कुटुंबातील चौघांना, भारतातून नेलेल्या घरकामगारांचे शोषण केल्याबद्दल दोषी ठरविले. मानवी व्यापाराच्या आरोपातून त्यांना मुक्त करण्यात आले, आणि निकालाविरुद्ध अपीलही झाले. अंतिम न्यायाचा विचार न्यायालये करतील. आपण एवढेच पाहावे की त्या खटल्यात वाद कोणत्या गोष्टींचा होता. पारपत्र कोणाजवळ होते, पगार स्वित्झर्लंडमध्ये मिळत होता की रुपयांत भारतातील बँकेत पडत होता, आणि कामाचे तास किती होते, याचाच.

पारपत्र आणि करार यांखेरीज तिसरी जी वस्तू जपावयाची, तिला कागद नाही. ती म्हणजे आपले स्वतःचे काम, मग ते लहान का असेना. एखादी भाषा शिकावी, हिशेबाची परीक्षा द्यावी, रोज एक पान लिहावे, गावच्या मित्रांशी पत्रव्यवहार ठेवावा. श्रीमंतांच्या घरात राहून श्रीमंतीची सवय फार लवकर लागते. तिच्याखाली आपले ज्ञान आणि आपली माणसे दोन्ही झाकली जातात. दहा वर्षांनी परत आल्यावर 'तुम्हांला काय येते?' या प्रश्नाला 'मी अमक्यांच्या घरी होतो' एवढेच उत्तर उरले, तर तो पगार कितीही मोठा असला तरी महाग पडला असे म्हणावे लागेल.

ज्या आईबापांपुढे उद्या असा प्रश्न येईल, त्यांनी मुलाला किंवा मुलीला अडवू नये. जग पाहावे, मोठ्या घरांचा कारभार पाहावा, प्रामाणिकपणे सेवा करावी, धन्याचे गुपित धन्याजवळ ठेवावे. परंतु निघण्यापूर्वी एक संध्याकाळ कराराचा कागद घरात मोठ्याने वाचावा, न समजलेला शब्द जाणत्या वकिलाला विचारावा, आणि मग खुशाल निरोप द्यावा. धन्याने विश्वासाने दिलेले काम चोख करणे हा चाकराचा धर्म आहे. आणि आपले नाव, आपला कागद व आपला वेळ सांभाळणे, हाही त्याचाच धर्म आहे.